सुई, शब्द आणि संमती : ॲक्युपंक्चरविषयक रुग्णमाहितीपत्रकांचा भाषिक विचार

प्रास्ताविक

साहित्याचा अभ्यासक ज्या लेखनाकडे संहिता म्हणून पाहतो, त्यात रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहातील माहितीपत्रकांचा समावेश सहसा होत नाही. त्यांना लेखक नसतो, आवृत्ती नसते आणि बहुधा तारीखही नसते. तरीही वाचकाच्या जीवनावर प्रत्यक्ष परिणाम घडवणारे जे गद्य समाजात वाचले जाते, त्यात या पत्रकांचे स्थान बरेच वरचे आहे. कथा वाचून झाली की वाचक पुस्तक मिटतो. माहितीपत्रक वाचून तो आपला हात पुढे करतो किंवा मागे घेतो. प्रस्तुत लेखात ॲक्युपंक्चर या उपचाराची ओळख रुग्णांना करून देणाऱ्या माहितीपत्रकांचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी मुख्यतः ब्रिटन व जर्मनी येथील सामग्री घेतली आहे. कारण तेथे अशा लेखनाला एक शिस्त लागत गेली असून त्यामागील चाचण्यांचे आकडेही उपलब्ध आहेत. ॲक्युपंक्चर गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. जे तपासून पाहिले गेले, जे परंपरेने मानले जाते आणि जे केवळ आशेपोटी बोलले जाते, या तिहींतील भेद वाचकापर्यंत शब्दांतून पोहोचतो का, एवढाच प्रश्न येथे आहे.

या प्रश्नाकडे वळण्याचे निमित्त घरगुती आहे. अध्यापनाच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहत असताना माझ्या आईच्या गुडघेदुखीसाठी एका रुग्णालयात हा उपचार सुचवण्यात आला. हाती पडलेले पत्रक इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत होते. आईला ते मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले. या उपचाराचे कोणतेही दुष्परिणाम नाहीत, या वाक्याचा अनुवाद मी निःशंकपणे केला. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत होती. तिच्याविषयी पत्रकात काही विचारलेले नव्हते आणि आम्हीही काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या बाजूस तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. पंधरा दिवसांत तो ओसरला. इजा मोठी नव्हती. पण आईने विचारले, "त्या कागदावर हे लिहिलं नव्हतं, की तू वाचलं नाहीस?" उत्तर देताना लक्षात आले की, अनुवाद करताना मी शब्द तपासले होते, विधान तपासले नव्हते.

नावातील निवड

माहितीपत्रकाचा पहिला शब्द म्हणजे उपचाराचे नाव, आणि या नावातच अर्थाची एक निवड दडलेली आहे. चिनी भाषेतील मूळ संज्ञा 'झेनजिऊ' ही आहे. तिच्यात दोन क्रिया आहेत : सुई टोचणे, आणि दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीची वाळवलेली पाने जाळून ठरावीक जागी शेक देणे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत जपानमध्ये राहिलेला विलेम टेन ऱ्हाइने या वैद्याचा लॅटिन ग्रंथ १६८३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून 'सुई' आणि 'टोचणे' या अर्थांच्या लॅटिन शब्दांपासून घडलेले नाव युरोपात रूढ झाले. जोडनावातील अर्धा भाग त्यामुळे गळाला. आजचे पत्रक 'ॲक्युपंक्चर म्हणजे काय?' असा प्रश्न करून सुयांचे वर्णन करते आणि शेक मागे राहतो, याचे मूळ या नामकरणात आहे.

दुसरी निवड विसाव्या शतकातील आहे. फ्रेंच लेखक जॉर्ज सूलिये द मोरां याने १९३० च्या दशकात चिनी संज्ञांना जे फ्रेंच पर्याय दिले, ते पुढे पाश्चात्त्य भाषांत सर्वत्र पसरले. 'ची' या शब्दासाठी त्याने 'ऊर्जा' हा शब्द योजला आणि शरीरातील मार्गांसाठी भूगोलातील रेखावृत्ताचा 'मेरिडियन' हा शब्द घेतला. 'ची'च्या मूळ अर्थक्षेत्रात वाफ, श्वास, वायू या छटा आहेत. 'जिंग' या शब्दात मागावरील उभ्या धाग्याची प्रतिमा आहे. 'ऊर्जा' म्हटले की आजच्या वाचकाला पदार्थविज्ञान आठवते. मोजता येईल असे काहीतरी शरीरातून वाहते आहे, असा त्याचा समज होतो. रूपकाला मोजमापाचा आभास प्राप्त होतो.

भारतीय भाषांत या संज्ञा आणताना तिसरी निवड करावी लागते. 'ची'ला 'प्राणशक्ती' आणि 'मेरिडियन'ला 'नाडी' म्हटले की मराठी वाचकाला ते लगेच जवळचे वाटते. पण या जवळिकीची किंमत असते. प्राण आणि नाडी या शब्दांमागे योग व आयुर्वेद यांची स्वतंत्र परंपरा उभी आहे. ते शब्द वापरताच वाचकाचा त्या परंपरेवरील विश्वास, काहीही न सांगता, चिनी उपचाराच्या खात्यावर जमा होतो. अनुवादकाने 'ची' हा शब्द तसाच ठेवून एका वाक्यात त्याचा खुलासा करणे अधिक प्रामाणिक ठरावे.

'प्राचीन' या विशेषणाचे कार्य

या पत्रकांत हमखास आढळणारे विशेषण म्हणजे 'प्राचीन'. कधी दोन हजार, कधी तीन हजार, तर कधी पाच हजार वर्षांचा हवाला दिला जातो. वास्तविक इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. मावांगदुई येथे इसवीसनपूर्व १६८ साली बंद झालेल्या थडग्यात सापडलेल्या वैद्यकीय हस्तलिखितांत शरीरातील मार्गांचे वर्णन आहे आणि त्यांवर डाग किंवा शेक देण्याचा उल्लेख आहे. सुयांनी करावयाच्या उपचाराचा मात्र नाही. सुयांची पद्धतशीर चर्चा ज्यात येते, तो 'ह्वांगदी नेइजिंग' हा ग्रंथ सामान्यतः इसवीसनपूर्व दुसऱ्या ते पहिल्या शतकातील संकलन मानला जातो. पुढे १८२२ साली चिनी सम्राटाने शाही वैद्यक संस्थेतून या उपचाराचे अध्यापन बंद करविले. आज ज्या सुसंघटित रूपात तो जगापुढे आहे, ते रूप मुख्यतः १९५० नंतरच्या चीनमध्ये, शासनाच्या पुढाकाराने घडले. अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला तो १९७१ साली. जेम्स रेस्टन या पत्रकाराची पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या अस्वस्थतेवर सुयांचा उपचार करण्यात आला. त्याविषयी त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला नेहमीच्या पद्धतीने भूल दिलेली होती. पण हा तपशील पुढील कथनांत अनेकदा हरवला.

म्हणजे 'प्राचीन' हा शब्द खोटा नाही. तो खंडांना आणि पुनर्रचनांना झाकणारा आहे. शिवाय हे विशेषण इतिहास सांगण्यासाठी क्वचितच येते. इतकी वर्षे टिकले म्हणजे गुणकारी असलेच पाहिजे, हे अनुमान वाचकाकडून करवून घेणे हे त्याचे कार्य असते. अनुमान वाचक स्वतः करतो, म्हणून लेखकावर त्याची जबाबदारी येत नाही. जाहिरातीच्या भाषेचे हे जुने तंत्र माहितीच्या भाषेत शिरले की दोहोंतील सीमा पुसट होते.

'असे मानले जाते' : एका पत्रकातील दोन आवाज

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने रुग्णांसाठी सिद्ध केलेल्या माहितीत या बाबतीत एक लक्षणीय व्यवस्था दिसते. तेथे उपचाराचे दोन प्रकार वेगळे मांडले जातात. पहिला वैद्यकीय निदानानंतर केला जाणारा. त्याचे स्पष्टीकरण त्वचेखालील व स्नायूंतील संवेदक मज्जातंतूंचे उद्दीपन आणि एंडॉर्फिनसारख्या वेदनाशामक द्रव्यांची शरीरातील निर्मिती अशा भाषेत येते. दुसरा पारंपरिक. त्याचे वर्णन करताना शरीरात जीवनशक्ती वाहते अशी श्रद्धा या पद्धतीच्या मुळाशी आहे, असे आवर्जून म्हटले जाते.

येथे व्याकरण महत्त्वाचे ठरते. पहिल्या प्रकारात विधान थेट आहे. दुसऱ्यात ते 'श्रद्धा' या नामाच्या कुंपणात आहे. लेखकाने स्वतःचा आवाज आणि परंपरेचा आवाज अलग ठेवला आहे. मराठीत हे काम 'असे मानले जाते', 'या परंपरेनुसार' अशा शब्दप्रयोगांनी होऊ शकते. मात्र आपल्याकडे 'असे मानले जाते' याचा एक वेगळाच उपयोग रूढ झाला आहे. 'तुळस आरोग्यदायी मानली जाते' या वाक्यात लेखक अंतर राखत नाही, तो सर्वमान्यतेची साक्ष काढतो. त्यामुळे कोण मानतो हे कर्त्यासह सांगणे मराठीत आवश्यक आहे : 'पारंपरिक चिनी वैद्यकाचे उपचारक असे मानतात की...'. कर्मणी प्रयोगाऐवजी कर्तरी प्रयोग केला, तर वाचकाला विधानाचा धनी कळतो.

तीन खरी वाक्ये, तीन कथने

आता पुराव्याच्या भाषेकडे वळू. जर्मनीत २००६ साली गुडघ्याच्या संधिवाताविषयी एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत सुमारे एक हजार रुग्ण होते. त्यांचे तीन गट करण्यात आले : पहिल्यास चिनी पद्धतीचे ॲक्युपंक्चर, दुसऱ्यास आभासी ॲक्युपंक्चर, म्हणजे नेमून दिलेले बिंदू टाळून वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्यास डॉक्टरांच्या भेटी व दाहशामक गोळ्या असे नेहमीचे उपचार. सव्वीस आठवड्यांनंतर पुरेशी सुधारणा झालेल्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ५३.१, ५१.० आणि २९.१ टक्के होते.

या आकड्यांवरून तीन वाक्ये लिहिता येतात. 'निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम पडला.' 'नेहमीच्या उपचारांपेक्षा बऱ्याच अधिक रुग्णांना आराम पडला.' 'खरी सुई आणि आभासी सुई यांत जवळजवळ फरक आढळला नाही.' तिन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले व दुसरे छापून तिसरे गाळले तर पत्रक आश्वासन देते; तिसरेच छापले तर ते उपचार मोडीत काढते. असत्य एकही न बोलता वाचकाची दिशा बदलता येते, हे यावरून स्पष्ट व्हावे. पुढे २०१८ साली ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही चित्र साधारण असेच निघाले : उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक ठळक, आभासी सुयांच्या तुलनेत फरक आहे, पण लहान.

या प्रकारच्या पुराव्यातून दोन देशांनी भिन्न वाक्ये रचली. जर्मनीत २००७ पासून दीर्घकालीन कंबरदुखी व गुडघ्याचा संधिवात यांसाठी या उपचाराचा खर्च वैधानिक आरोग्यविमा देऊ लागला. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी बारा आठवड्यांत दहापर्यंत बैठका सुचवल्या होत्या. २०१६ साली त्याच दुखण्यासाठी हा उपचार देऊ नये, असे सांगितले. डोकेदुखी व अर्धशिशी टाळण्यासाठी २०१२ साली आणि स्पष्ट कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन वेदनेसाठी २०२१ साली तिने याचा विचार करावा असे म्हटले. २०२२ साली संधिवातासाठी मात्र देऊ नये असे सुचवले. तात्पर्य, 'ॲक्युपंक्चर उपयुक्त आहे' हे वाक्य अपूर्ण आहे. कोणत्या दुखण्यासाठी, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या वर्षीच्या माहितीनुसार, ही तीन पदे जोडल्याशिवाय ते विधान होत नाही. २००९ साली प्रामाणिकपणे छापलेले पत्रक २०१६ नंतर तसेच वाटले गेले, तर शब्द तेच राहूनही ते दिशाभूल करते. म्हणून पत्रकावर तारीख असणे हा मुद्रणाचा नसून सत्याचा प्रश्न आहे.

आभासी सुईसंबंधी रुग्णाला काय सांगावे, हाही भाषेचाच पेच आहे. अर्धशिशीवरील एका जर्मन चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तीत सहभागी रुग्णांना सांगण्यात आले होते की, दोन प्रकारच्या ॲक्युपंक्चरची तुलना होणार आहे; एक चीनमध्ये चालणाऱ्या उपचारासारखा आहे, दुसरा त्या तत्त्वांना धरून नाही, पण त्याचेही चांगले परिणाम दिसले आहेत. 'आभासी' हा शब्द टाळला गेला. चाचणीत दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या रुग्णांची डोकेदुखी बरीच कमी झाली. प्रतीक्षायादीतील गटात हे प्रमाण १५ टक्के होते. अपेक्षा हा उपचाराच्या परिणामाचा भाग असेल, तर माहितीपत्रकही त्या उपचाराचाच एक भाग ठरते. पत्रकलेखकाची जबाबदारी यामुळे हलकी होत नाही, उलट वाढते.

'क्वचित' आणि 'दुखणे'

धोक्यांचे वर्णन करणारी क्रियाविशेषणे सर्वांत सैल असतात. मराठीतील 'क्वचित' हा शब्द शंभरात एकालाही लागू पडतो आणि लाखात एकालाही. युरोपात औषधांच्या पत्रकांसाठी या शब्दांना संख्यांची जोड देण्यात आली आहे. तेथील संकेतानुसार 'सामान्य' म्हणजे शंभरात एक ते दहा, 'दुर्मीळ' म्हणजे दहा हजारांत एक ते दहा. शब्द आणि संख्या शेजारी ठेवण्याचा हा मार्ग अनुकरणीय आहे.

ॲक्युपंक्चरपुरते बोलायचे तर संख्या उपलब्ध आहेत. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८.६ टक्के रुग्णांनी किमान एक अनिष्ट परिणाम नोंदवला. ६.१ टक्के रुग्णांमध्ये तो रक्त येणे किंवा रक्त साकळणे असा होता, १.७ टक्के रुग्णांमध्ये वेदना अशा स्वरूपाचा. फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा गंभीर प्रकार दोन रुग्णांत घडला. विशेष म्हणजे याच अहवालाच्या आधारे रुग्णांसाठी माहिती व संमतिपत्राचा एक नमुना तयार करण्यात आला. 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. पण त्याचबरोबर हा उपचार भयावह आहे, असेही हे आकडे सांगत नाहीत. धोके सांगितले की रुग्ण घाबरतो आणि घाबरल्याने त्रास वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय प्रमाण सांगणे हा आहे, मौन नव्हे.

वेदनेच्या वर्णनात मात्र मराठीला उसनवारीची गरज नाही. सुई अतिशय बारीक असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती टोचल्यावर जे जाणवते त्यासाठी इंग्रजी पत्रके मुंग्यांसारखी संवेदना व बोथट दुखरेपणा एवढ्यावर भागवतात. आपल्याकडे टोचणे, बोचणे, खुपणे, सलणे, ठणकणे, ठसठसणे, चरचरणे, कळ येणे, चमक भरणे, उसण भरणे, ओढ लागणे, जड होणे असे सूक्ष्म भेद करणारे शब्द घरोघरी बोलले जातात. 'सौम्य वेदना जाणवू शकते' असे लिहिणारा अनुवादक ही संपत्ती बाजूला ठेवून इंग्रजी वाक्याची प्रतिकृती करतो. जड होणे अपेक्षित आहे पण वीज चमकल्यासारखी कळ आली तर लगेच सांगावे, हा भेद रुग्णाला कळणे त्याच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

भारतीय संदर्भ

भारतात या उपचाराच्या आगमनाशी मराठी माणसाचा एक हृद्य संबंध आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली चीनमध्येच निवर्तले. बसूंनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात त्याचा आरंभ केला आणि कोटणीसांच्या स्मृतीशी निगडित कार्यातून ते पसरले. त्यामुळे कोटणीसांचे नाव या उपचाराच्या संदर्भात वारंवार येते. ते स्वतः शल्यविशारद होते. त्यांच्या त्यागाविषयीचा आदर आणि उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कृतज्ञतेला बाध न आणता सांगता आले पाहिजे.

पश्चिम बंगालने १९९६ साली या उपचारासाठी कायदा केला. पुढे महाराष्ट्रानेही स्वतंत्र अधिनियम केला. केंद्र शासनाने २००३ साली उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून त्यास मान्यता दिली. ही मान्यता उपचार कोणी व कसा करावा याविषयी असते. प्रत्येक व्याधीवर तो लागू पडतो, असा तिचा अर्थ नाही. 'शासनमान्य' हा शब्द पत्रकात 'प्राचीन' या शब्दाचेच काम करू लागला, तर सावध राहावे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेल्या एका निकालात उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय व महत्त्वाचे धोके रुग्णाला पुरेशा प्रमाणात सांगूनच संमती घ्यावी, असे स्पष्ट केले आहे. न समजलेल्या भाषेतील कागदावर केलेली सही ही संमती कशी म्हणावी, हा प्रश्न इंदूर, बडोदे, हैदराबाद वा तंजावर येथील मराठी कुटुंबांना परका नाही. तेथे अनुवादक बहुधा मुलगा, सून किंवा नातू असतो; आणि तो माझ्यासारखाच शब्दांचा अनुवाद करून मोकळा होतो.

समारोप

वरील विवेचनावरून पत्रकलेखनाचे काही संकेत हाती येतात : विधानाचा धनी सांगावा, तुलना कशाशी ते सांगावे, शब्दाशेजारी संख्या ठेवावी, रुग्णाला प्रश्न विचारावेत, तारीख द्यावी. या संकेतांनुसार मराठी परिच्छेद कसा असेल, त्याचा एक नमुना देऊन लेख संपवतो. वैद्यकीय तपासणीनंतरच तो वापरावा, हे वेगळे सांगणे न लगे.

'या उपचारात शरीरावर ठरावीक जागी बारीक सुया टोचतात. टोचताना क्षणभर बोचते. नंतर तिथे जड वाटेल, मुंग्या येतील किंवा हलके ठणकेल. वीज चमकल्यासारखी कळ आली, चक्कर आली किंवा दम लागला तर लगेच सांगा. पारंपरिक चिनी उपचारक असे मानतात की, यामुळे शरीरातील ची नावाच्या शक्तीचा प्रवाह सुरळीत होतो. गुडघेदुखीच्या एका मोठ्या चाचणीत सुया घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे त्रेपन्न जणांना आणि लटक्या सुया घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे एक्कावन्न जणांना बरे वाटले. नुसत्या नेहमीच्या उपचारांनी सुमारे एकोणतीस जणांना. शंभरांपैकी आठ-नऊ जणांना काही त्रास होतो. बहुतेकदा थोडे रक्त येते किंवा काळेनिळे होते. फुप्फुसाला इजा होण्याचा प्रकार सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांत दोनदा घडला. तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेता का? तुम्हाला रक्तस्रावाचा विकार आहे का? गरोदर आहात का? छातीत पेसमेकर बसवला आहे का? धातूचे वावडे आहे का? यांपैकी काहीही असेल तर आधी सांगा. नको वाटले तर नाही म्हणा. तुमचे बाकीचे उपचार चालूच राहतील.'

हा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला. शेवटच्या प्रश्नांपाशी तिने थांबवले आणि म्हणाली, "हे आधी विचारलं असतं तर मी गोळीचं सांगितलं असतं."